टाकून दिलेले राजे

चोरून ऐकायची शिंपीणबाईंना सवय नव्हती. पण दवाखान्यातला बाकच असा अरुंद, की शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं थेट कानात शिरत होतं.

"काल तुमच्या त्या पोकरच्या स्पर्धेचं काय झालं?"

"काय व्हायचंय! सुरुवातीलाच हातात दोन राजे आले. समोरच्या टकल्यानं आपली सगळी नाणी पुढे सारली."

"मग?"

"मी पानं टाकून दिली. पहिल्याच तासाला बाहेर पडण्यापेक्षा टिकून राहिलेलं बरं."

"त्याच्याकडे काय होतं?"

"दोन राण्या. लेकानं हसत हसत उघडून दाखवल्या."

"म्हणजे भारी पानं तुमचीच."

"हो, पण त्याच्याकडे एक्के असते तर?"

"बरं, मग टिकलात किती?"

"कसला टिकतोय! डाव खेळा नाहीतर खेळू नका, पाळी आली की नाणी टाकावीच लागतात. आकडाही वाढत जातो. बसल्या बसल्या संपलो."

"माझी गाठ वाटाण्याएवढी होती, तेव्हाच डॉक्टरीणबाई काढू म्हणत होत्या."

"आता ते कशाला उकरतेस? ऑपरेशन म्हणजे जोखीम. मी आपलं म्हटलं, थोडं थांबून बघू."

"बघितलंत ना?"

दार उघडलं. नर्सनं विचारलं, "सोबत कोण येतंय आत?"

नवरा उठायला लागला. शिंपीणबाईंनी वाट द्यायला पाय आवरले.

"कोणी नाही," बायको म्हणाली आणि तिनं पर्स नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "तुम्ही ही सांभाळत बसा. तेवढं तुम्हाला छान जमतं."