भुऱ्यानं काय खाल्लं?

(भोरमधला जनावरांचा दवाखाना, एप्रिलची सकाळ. भाटघरजवळच्या वस्तीवरचा कुत्रा, भुऱ्या, टेबलावर आडवा, पायाला सलाईन. बाजूला बनाबाई, त्यांची सून शिवानी आणि डॉक्टर शुभ्रा.)

बनाबाई : ...तर कारन दुसरं काय न्हाई, डाक्टरीनबाई. ही म्हायेरावनं कुंड्या घिऊन आली, नि घरात इख आलं.

शिवानी : आई, तो माझ्या कुंड्यांकडे फिरकतसुद्धा नव्हता.

बनाबाई : तू काय चोवीस तास राखन बसलीस का?

डॉक्टर : मावशी, थांबा जरा. सुरुवात कधी झाली?

शिवानी : पहाटे. चारदा ओकला. मग पाय लटपटायला लागले, आणि आडवाच झाला.

बनाबाई : म्या मिठाचं पानी पाजलं. समदं भाईर पडंल म्हनलं.

डॉक्टर : ते पुन्हा कधी पाजू नका. मिठानं आणखी बिघडतं. काही खाल्लंय वाटलं की आधी फोन करायचा आणि झाडाचं पान बरोबर आणायचं. शिवानी, घरात कुठली झाडं आहेत?

शिवानी : मनी प्लांट, स्नेक प्लांट, एक मोठ्या ठिपक्यांच्या पानांचं डिफेनबेकिया. म्हणजे होती. आईंनी सकाळी सगळी उपटून उकिरड्यावर टाकली.

बनाबाई : टाकनारच. माझा कुत्रा मराया लागलाय, नि तुझी पानं कवतिकानं बघत बसू?

डॉक्टर : मावशी, ही झाडं कुत्र्याला चांगली नाहीत, हे खरं. पण मनी प्लांट किंवा ते ठिपक्यांचं चघळलं असतं, तर तोंड पोळलं असतं. जीभ सुजते, लाळ गळते. हे बघा याचं तोंड. काही नाही.

बनाबाई : मग?

डॉक्टर : याचं दुखणं काळजात आहे. ठोका चुकतोय, मध्येच थांबल्यासारखा होतोय. तुमच्या अंगणात कण्हेर आहे का?

बनाबाई : हाय की. लाल. नवी नवरी आले तवा म्याच कुपाला लावली. पर तिला शेरडूसुदीक तोंड लावत न्हाई. कडूजहर असती.

डॉक्टर : फुलं काढता?

बनाबाई : रोज. वंजळभर देवाला लागत्यात.

डॉक्टर : आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी फुलं कुठं जातात?

बनाबाई : निर्माल्य पायाखाली येऊ ने, म्हून बारडीत पान्यात ठिवते. आठवड्यानं धरनात सोडते. औंदा पानी लई मागं गेलंय, गाळ तुडवत जावं लागतं. माझं गुडघं धरल्यात, म्हून दोन आठवडं ऱ्हाऊन गेलं.

शिवानी : ओट्याखालची निळी बादली? आई, काल आपण सगळे कापूरहोळला लग्नाला गेलो होतो. आलो तेव्हा त्याचं पाण्याचं भांडं कोरडं होतं.

बनाबाई : व्हय. कोरडंच व्हतं.

डॉक्टर : मग तो त्या बादलीतलं प्यायला असणार. कण्हेरीची फुलं ज्या पाण्यात पडून राहतात, त्या पाण्यातही विष उतरतं. एवढ्या उन्हात त्याला दुसरं पाणी कुठं मिळणार?

बनाबाई : म्हंजी म्याच पाजलं त्याला.

शिवानी : असं नका म्हणू. कुणाला माहीत होतं?

बनाबाई : देवाच्या नावानं ठिवलं नि ह्याच्या जिवावर उठलं. आमचं मालक गेलं तवापासनं ह्यो उंबऱ्यात निजतो, म्हून मला झोप लागती. वाचंल का वो?

डॉक्टर : औषध लागू पडतंय. आणला तेव्हापेक्षा ठोका बरा आहे. आज, उद्या इथंच राहू दे. मला आशा वाटते, मावशी, उगाच बोलत नाही.

बनाबाई : आज घरी गेल्या गेल्या कूप तोडते. एक फांदी ठिवत न्हाई.

शिवानी : तोडू नका, आई. तो फांद्या चघळत नाही, एवढ्या वर्षांत कधी नाही. निर्माल्य मी कोरडंच झाकणाच्या डब्यात ठेवत जाईन, आणि लिंबाखाली खोल खड्डा करून पुरू. वर दगड ठेवू. पायाखालीही येणार नाही. चालेल ना, डॉक्टर?

डॉक्टर : चालेल. पिल्लू आणलंत तर मात्र कण्हेर काढावी लागेल. आणि त्याचं भांडं दोन वेळा भरायचं.

बनाबाई : माझी कन्हेर ऱ्हाऊ द्या म्हनतीस. म्या तुझं एक झाड ठिवलं न्हाई.

शिवानी : जाऊ द्या ते आता.

बनाबाई : कसं जाऊ दिऊ? दोन वरसं पानी घालतीस त्यास्नी. मोबाईल लाव तुझ्या नवऱ्याला, हनमंताला. दे हिकडं. हॅलो, हनमंता, बरा हाय भुऱ्या. ठोका सुदारतोय म्हनत्यात. आईक, आदी ती निळी बारडी उचल, जनावराचं तोंड लागंल अशी ठिवू नगंस. मग उकिरड्यावं जा. झाडं हायेत ती गोळा कर, मुळ्या वल्या पोत्यात गुंडाळ. उनाची वेळ हाय, आत्ताच जा. आल्यावं लावू, पर उंच फळीवं ठिवायची, कुत्र्याचं तोंड पोचंल अशी न्हाईत. काय? कुनाची म्हून काय इचारतोस? आपल्या घरातली हायेत.