एकदाच म्हटलेली ओळ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक कवयित्री आणि तिच्या कवितेला चाल लावणारा तिचा थोरला भाऊ बसले होते. हे मला त्यांच्या भांडणावरूनच कळलं. ऐकू नये, हे कळत होतं. पण पुस्तकाचं पान काही उलटेना.

"दादा, 'खिडकी उघड' ही ओळ मी एकदाच लिहिली होती. तू ती आठ वेळा घेतलीस!"

"अगं, ध्रुवपद आहे ते. फिरून यायलाच हवं."

"आई एकदाच म्हणाली होती. मी खिडकीपाशी पोचेपर्यंत गेली. तुला हे माहीत नाही?"

"चालीची पण काही गरज असते, बाई."

"आग लाव तुझ्या चालीला! माझी कविता परत दे."

"हळू बोल. शेजारचे आजोबा ऐकताहेत."

"ऐकू देत! आईच्या शेवटच्या शब्दांचा तू कसा तमाशा केलास, तेही सांग त्यांना!"

"तू तिथे होतीस. तुला ते एकदा तरी ऐकायला मिळालं. मी तेव्हा कुणाच्या तरी कार्यक्रमात पेटी बडवत होतो."

"म्हणून आठ वेळा?"

"सोळा वेळा होती. आठ मी खोडल्या."