नोंद नसलेली पेटी

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक आदरणीय इंद्रजीत साहेब. प्रमुख पाहुणे, युनियनचे नानासाहेब. सत्कारमूर्ती, आपले फिटर मुंजाबा. पहिल्या रांगेत बसलेल्या मंजुळावहिनी. आणि तिन्ही पाळ्यांतून वेळ काढून आलेल्या माझ्या बंधूभगिनींनो,

मी बद्रीनाथ, स्टोअरकीपर. चोवीस वर्षं खिडकीच्या आतून बोलायची सवय, माईक मला नवा आहे. शिवाय मुंजाबाला मी आयुष्यभर अरेतुरे केलं. आज तो सत्कारमूर्ती झाला म्हणून अहोजाहो काही जमणार नाही, सभेनं सांभाळून घ्यावं.

आत्ताच साहेबांनी मुंजाबाच्या काटकसरीचं कौतुक केलं. खरंच आहे ते. सिल्लोडकडच्या मेंढपाळाचं पोरगं. चप्पल झिजली की टायरचा तुकडा ठोकून आणखी दोन वर्षं चालवणार. घरचा पंखा, मिक्सर, वहिनींचा कुकर, काही म्हणता काही कधी दुरुस्तीच्या दुकानात गेलं नाही. ह्या पगारात त्यानं हर्सूलला दोन खोल्या बांधल्या, पोरीला नर्सिंगला घातलं आणि कुणापुढं हात पसरला नाही. आम्ही पगारवाढीसाठी घसा कोरडा करायचो तेव्हा हा म्हणायचा, "लई झालं की. दोन टायमाला पोटभर मिळतंय, हत्यारं चांगली हायेत, अजून काय पाहिजे?" मला तर कधीकधी त्याचा रागच यायचा. आणि उपकार मानायची तर त्याला खोडच. खिडकीतून हात पुसायला चिंधी सरकवली तरी म्हणणार, "उपकार झाले, बद्रीभाऊ." आता सांगा, चिंधीचे कसले उपकार?

हत्यारांचं म्हणाल, तर बेअरिंग ओढून काढायचा कंपनीचा पुलर नीट बसेना, म्हणून त्यानं जीपच्या जुन्या कमानपाट्याचा स्वतः घडवला. पाइप फिरवायचा पाना सायकलच्या चेनचा. बापाची मेंढरं कातरायची कातर होती, तिनं गॅस्केट कापायचा, आणि काय कापायचा! हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत. पाळी सुटली की एकेक पुसायचं, कपाळाला लावायचं, मग आत ठेवायचं. आपण वर्षातून एकदा दसऱ्याला हत्यारं पुजतो. ह्याचं रोज चालायचं.

साहेब, दोनच मिनिटं घेतो.

ही पेटी तो पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा गेटचं रजिस्टरही माझ्याकडंच असायचं. घरचं सामान आत आणलं तर नोंद करायची, असा नियम. तो बिचारा नोंद करा म्हणून उभा होता. मी म्हणालो, "घरच्या माणसाची कसली नोंद? जा आत." तो उपकार झाले म्हणाला आणि गेला.

गेल्या महिन्याच्या सोळा तारखेला तीच पेटी घेऊन तो गेटवर आला. हर्सूलला रस्त्याच्या कडेला त्यानं टपरी घेतलीय. मोटार, पंप, कुकर दुरुस्तीची पाटीसुद्धा रंगवून झालीय. कायम व्हायलाच त्याला सोळा वर्षं लागली, पेन्शन ती कितीशी येणार? पुढचं सगळं त्या पेटीवर होतं. सिक्युरिटीनं अडवलं, नोंद कुठाय म्हणाले. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "बद्रीनाथ, हे सामान ह्यांचं आहे का?" मुंजाबा माझ्याकडं बघत होता, अगदी निर्धास्त.

त्याच आठवड्यात माझ्या स्टोअरचं ऑडिट चालू होतं. बिननोंदीचं सामान मीच आत सोडलं असं म्हटलं असतं, तर माझी चौकशी लागली असती. माझी चार वर्षं राहिलीत, मुलगा इथंच ट्रेनी आहे. मी म्हणालो, "रेकॉर्डला काही नाही, साहेब."

हे वाक्य कोर्टात नेलं तरी खोटं ठरणार नाही. एवढी अक्कल मला त्या वेळी कुठून आली, कोण जाणे.

पेटी जप्त होऊन स्टोअरमध्ये, माझ्याच ताब्यात आली. मग हा रोज खिडकीशी. "पेटीचं बघितलं का, बद्रीभाऊ?" मी म्हणायचो, बघतो. तो म्हणायचा, उपकार होतील. आज हॉलच्या दारातच वहिनींनी गाठलं. "भाऊजी, पेटी आजच मिळंल ना? रिक्षावाला थांबवून ठेवलाय." मी म्हणालो, आधी भाषणं होऊ द्या.

वहिनी, पेटी नाही. ज्या वस्तूला कोड नाही ती भंगार, असा ऑडिटचा नियम आहे. मागच्या मंगळवारी भंगाराचा ट्रक भरला, वजनकाट्याजवळ मीच उभा होतो.

काय म्हणालास, मुंजाबा? कातर बी? व्हय, कातर बी. तेवढी काढून घ्यावी असं मनात आलं होतं. शेजारी ऑडिटवाला उभा होता, नाही काढली.

साहेब बसा म्हणून खूण करतायत, बसतो. पण आजच्या इतिवृत्तात एवढं लिहून घ्या, की पेटी मुंजाबाची होती, त्याच्या घरची होती, आणि तिची नोंद मी होऊ दिली नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. भंगाराचे पैसे आपल्याकडं वेल्फेअर फंडात जातात, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आजचा कार्यक्रम त्याच फंडातून आहे. मुंजाबाच्या अंगावरची शाल त्यातलीच, हातातला नारळ त्यातला, आणि मागं आचारी जे वाढायला घेतोय तेही त्यातलंच.

व्यवस्थापनानं मला बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर व्यासपीठानं ते पोटात घालावं. सोळा तारखेचं मात्र, मुंजाबा, तू पोटात घालू नकोस.