त्या दिवसाचा हिरवा रंग

काका : तो रंग तेवढा बदला, ताई. दुसरं काही मागत नाही मी.

मॅडम : काका, मागच्या वेळी आलात तेव्हाही सांगितलं. त्या दिवशी तुमच्या भागातली लाईट आम्हीच बंद केली होती. तारा बदलायच्या होत्या. ठरवून केलेलं काम कंपनी बिघाडात धरत नाही. म्हणून वेबसाइटच्या पानावर त्या दिवसाचा ठिपका हिरवा दिसतो.

काका : लाईट नव्हती, तरी हिरवा?

मॅडम : बिघाड नव्हता, म्हणून हिरवा.

काका : पंखा बंद, मशीन बंद, आणि तुमच्या पानाची तब्येत मात्र ठणठणीत.

मॅडम : मी फक्त सूचना लिहिते हो. रंग आपोआप येतो. मला तिथे हातसुद्धा लावता येत नाही.

काका : मग कोणाला येतो?

मॅडम : खरं सांगू? मला माहीत नाही. वर लिहून पाठवलं होतं तुमचं. उत्तर आलं, "नोंद योग्य आहे."

काका : ही खुर्ची घेऊ का? गुडघे धरलेत.

मॅडम : बसा ना. पाणी देऊ?

काका : नको. ताई, माझी लेक परगावी असते. तिने ते पान बघितलं. म्हणाली, बाबा, लाईट गेलीच नव्हती, दिवसभर हिरवं आहे. मशीन तुमच्याकडूनच बंद राहिलं.

मॅडम : काकूंचं ऑक्सिजनचं?

काका : हो. रोज सकाळी मी ते बंद करायचो, जाळी धुवायचो, पुसून बसवायचो आणि चालू करायचो. तेवढा वेळ हिला सिलिंडर लावायचा. त्या दिवशीही चालू केलं होतं. ही म्हणाली, आता बरं वाटतंय, तुम्ही जाऊन या.

मॅडम : कुठे गेला होतात?

काका : तोच सिलिंडर भरून आणायला. लाईट गेली तर असावा म्हणून. परत आलो तेव्हा पंखा फिरत होता. मशीन बंद. एकदा लाईट गेली की ते बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. हिचा हात उठायचा नाही तेवढा.

मॅडम : आणि तोवर काकू गेल्या होत्या.

काका : लेकीला वाटतं, जाळी धुतली आणि बटण दाबायला विसरलो. वय झालंय म्हणते. ओरडत नाही हो ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं "हं" म्हणते आणि फोन ठेवते.

मॅडम : काका, रंग नाही बदलता येणार. पण झालेल्या कामांचं एक वेगळं पान आहे. त्यात त्या दिवसाचं काम आहे. ते मी तिला वाचून दाखवू शकते. जेवढं लिहिलंय तेवढंच. चालेल?

काका : चालेल? आत्ताच फोन लावतो तिला. थांबा, हे असं दाबलं की सगळ्यांना ऐकू येतं.

लेक : हॅलो, बाबा? मी कामात आहे. बरे आहात ना?

काका : बरा आहे, बाळा. लाईटच्या ऑफिसात आलोय. या ताई तुला काहीतरी वाचून दाखवतायत. ऐक जरा.

लेक : बाबा, पुन्हा तेच? सोडा ना आता.

मॅडम : दोन मिनिटं द्या, मॅडम. वाचते. "तारा बदलण्यासाठी सकाळी पुरवठा बंद. काम वेळेत पूर्ण. ग्राहकांना पूर्वसूचना दिली होती." तुमच्या घराचीच लाइन आहे ही.

लेक : म्हणजे लाईट गेली होती?

मॅडम : हो. बंद केली होती.

काका : बघ! मी म्हणत नव्हतो? बटण मी दाबलं होतं, बाळा. पक्कं दाबलं होतं.

लेक : मग ते हिरवं कसं?

मॅडम : ठरवलेलं काम असलं की ठिपका हिरवाच राहतो. सूचना त्याच्या खाली असते, "आगामी कामे" म्हणून. ते उघडावं लागतं.

लेक : आधी फोन यायचा ना? आईचं नाव होतं तुमच्याकडे. घरी मशीन असलेल्यांना तुम्ही फोन करायचात.

मॅडम : पान सुरू झालं तेव्हा फोन बंद केले. तसं पानावर टाकलं होतं.

लेक : पानावर.

मॅडम : हो.

लेक : बाबा, त्या सकाळी तुम्ही पान बघितलं होतं?

काका : रोज बघायचो.

लेक : खालचं उघडलं नाहीत?

काका : ते मला कुठे येतं, बाळा.

लेक : मीच म्हटलं होतं तुम्हाला. मोबाइलवर लावून दिलं आणि म्हटलं, बाकी काही वाचू नका, गोंधळाल. नुसता ठिपका बघा. हिरवा असला की निर्धास्त बाहेर पडा.

काका : तू म्हणालीस होय? मला नाही आठवत.

लेक : बाबा, मीच म्हटलं होतं.

काका : छे. ऐक, माझ्याकडूनच राहिलं असेल ते बटण. जाळी धुतली, पुसली, आणि राहिलं. वय झालंय आता, तूच म्हणतेस ना. ऐकतेस ना? ए बाळा, रडू नकोस.

लेक : लाईट नव्हती, बाबा.

काका : कोण म्हणतं? ताई, सांगा हो तिला. तुमचं पान हिरवं आहे म्हणावं.