वाळत घातलेली लेबलं

घरी लेबलं छापणार असाल तर आधी कागदाचं नीट विचारून घ्या, बरं का. मी विचारलं नव्हतं. आमच्या सोड्यांच्या, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीच्या, पाकिटांसाठी चकचकीत स्टिकर पेपर आणला, नव्या प्रिंटरवर छापला आणि बोट लावलं, तर अख्खं नाव बोटावर.

सासूबाई म्हणाल्या, "शाई वली हाय. उनात टाक." स्वतःच ते कागद बोंबलांच्या शेजारी जाळीखाली पसरून आल्या. संध्याकाळपर्यंत बोंबील वाळले, शाई काही वाळली नाही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तो कागद लेझर प्रिंटरचा. तुमचा शाईवाला आहे, त्यावर शाई मुरणारच नाही. मॅट कागद घ्या."

पण मुरुडच्या लॉजवर माल त्याच दिवशी द्यायचा होता. ती फिसकटलेली लेबलंच चिकटवून दिली. पाकिटं हातोहात खपली.

मग मॅट कागद आणला. अक्षरं लग्नपत्रिकेसारखी उठली. आणि ही पाकिटं तशीच पडून. माल तोच, किंमत तीच, मग अडलं कुठे? शेवटी लॉजवर जाऊन नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईंना विचारलंच.

त्यांनी पाकीट नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. "मागच्या वेळी कसा छान वास येत होता. हे जुने आहेत का हो?"

पाकिटं दोन्ही वेळा सीलबंदच होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या उठल्या. छापून ठेवलेली नवी लेबलं उचलली आणि बोंबलांकडे निघाल्या.