सासऱ्यांचे शिळे ठोके

...नाही, पण मी म्हणतो, माणसानं प्रयोगाला स्वतःचा बाप घ्यावा ना! सासरा कशाला? तुम्हाला सांगतो, आमचे साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, इंजिनियर! सासऱ्यांचं हृदय जरा नाजूक, तर ह्यांनी त्यांच्या छातीला पट्टा बांधला आणि कपाटावर एक डबा ठेवला. पट्टा ठोके मोजणार, डबा ते नेटवरून दवाखान्यात पाठवणार, तिथे पडद्यावर दिसणार. डबा ह्यांनीच बनवलेला! ह्यांच्या साहेबांनी बजावलं होतं, "प्रत्येक ठोक्याबरोबर तो पडला कधी, ती वेळही पाठवा." ऐकतील तर साडू कसले! "वेळ कशाला? ओझं नुसतं! ठोका पोचला की दवाखान्याचं घड्याळ टाकेल वेळ. पोचलं ना? मग झालं!"

झालं कसलं, डोंबल! नेट गेलं की डबा ठोके साठवायचा आणि आलं की जुने आधी, एकेक करून ओकायचा... दवाखान्याला वाटायचं, सगळं आत्ताच घडतंय! सासरे सकाळी शेजाऱ्याशी तावातावानं भांडायचे, आणि दुपारी गाढ घोरत असताना दारात अँब्युलन्स! दोन दांडगे येऊन त्यांना पांघरुणासकट उचलायचे. "सोडा रे मेल्यांनो! मी भांडलो सकाळी, आणि तुम्ही आत्ता घाबरताय?"

सासूबाई कळवळून म्हणाल्या, "जावईबापू, घाला हो ती वेळ त्यात."

साडूंचा चेहरा? कडक इस्त्रीचा! "आई, पोचलं ना? मग झालं!"

असं चार-पाच वेळा झालं, दवाखाना वैतागला. आणि मग एका सकाळी सासऱ्यांच्या हातातून चहाचा कप निसटला, छाती धरून ते खालीच बसले... आणि नेट? रात्रभर गेलेलं, नुकतंच आलेलं! डबा आपला रात्रीचे शिळे ठोके सावकाश पाठवत बसलेला! साडूंनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून बाई थंडगार, "ठोके उत्तम आहेत. झोपलेत ते."

"अहो, जमिनीवर पडलेत! पडदा खोटं बोलतोय!"

"खोटं कसं बोलेल? डबा इंजिनियरनं बनवलाय."

"मीच तो गाढव!" साडू किंचाळले. फोन कट!

शेवटी साडूंनी त्यांना पाठुंगळी घेतलं, जिना उतरवला, शेजाऱ्याच्या गाडीत घातलं, हो, त्याच शेजाऱ्याच्या! गाडी जवळच्या एका दवाखान्यात पोचली. सासरे नाही पोचले.

दुपारी त्यांना घरी आणलं. माणसं गोळा झाली... आणि रस्त्यात सायरन! तेच दोन दांडगे स्ट्रेचर घेऊन धडाधड जिना चढून आत! "बाजूला व्हा! पेशंटला आत्ता अटॅक आलाय!"

कोणी हललं नाही. साडू भिंतीला टेकून उभे. सासूबाईंनी मान वर केली आणि साडूंकडे बोट दाखवलं. "ह्यांना न्या. आणि घाई करू नका."

पण नेतात कसले! एकानं साडूंना खालीवर न्याहाळलं, म्हणाला, "ह्यांचे ठोके आमच्या पडद्यावर नाहीत."

साडू राहिले ते आमच्याकडेच राहिले.