पाटीच्या जागी टीव्ही

मुलांच्या दवाखान्यात तापानं रात्रभर रडलेलं बाळ नुकतंच एका आईच्या मांडीवर झोपलं होतं. कुणाचा आवाज चढला की ती बाळाच्या कानावर हात धरायची. समोर स्टुलावर एक पेंटरबाबा उभे होते आणि खाली मोबाइल घेऊन त्यांची लेक. बाबांनी पूर्वी रंगवलेली दवाखान्याची पाटी भिंतीला टेकवली होती. तिच्या जागी टीव्ही लागला होता.

“बाबा, ॲप उघडलंय. टीव्हीवरचा कोड वाचा.”

“सात, चार, नऊ, दोन. वाचला. केला बंद.”

“बंद कशाला केलात?”

“वाचून झाल्यावर वीज का जाळायची?”

“अहो, बंद केला की कोड बदलतो!”

“माझी पाटी नाही कधी बदलली.”

“हळू, बाळ झोपलंय त्यांचं.”

“बरं बाई. लावला परत. आठ, शून्य, तीन, पाच. हात लावत नाही आता.”

“जुळला फोन टीव्हीला! चित्र पाठवते.”

“पाठव. माझी पाटी आता माळ्यावरच ना?”

“आधी वर तर बघा.”

टीव्हीवर पाटीच उमटली. तीच निळी अक्षरं, कोपऱ्यात तोच फुगा धरलेला ससा.

“अगं, हे तर माझंच!”

“मग? डॉक्टरांना म्हटलं, रोज सुरुवात हिच्यानंच करायची.”

“सशाचा एक कान आखूड दिसतोय.”

“तो पहिल्यापासून आखूडच आहे, बाबा.”

बाबांनी वाकून भिंतीला टेकवलेल्या पाटीवरचा ससा निरखला.

“चला, झालं काम. आता खुशाल करा बंद.”

“राहू दे गं जरा वेळ. बाळ बघतंय.”

बाळाच्या आईनं मांडीकडे पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं.